क्लार्क्सव्हिल रोडवरची शाळा

मे महिना होता. न्यू जर्सीत मे महिन्यातली संध्याकाळ लवकर संपत नाही. आठ वाजत आले तरी उजेड रेंगाळतो आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा ओलसर वास सगळीकडे भरून राहतो. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो साउथ हायस्कूलच्या मैदानाला फेरी मारून मी पार्किंगमधून परत चालले होते. संगीताच्या वर्गांकडचं दार उघडलं आणि मुलं बाहेर येऊ लागली. कुणाच्या हातात क्लॅरिनेटची छोटी पेटी, कुणाच्या खांद्याला व्हायोलिन. एका बारक्या मुलाच्या पाठीवर त्याच्याहून उंच वाटावा असा चेलो होता, आणि तोल सावरत तो एका करड्या गाडीकडे निघाला होता. गाडीला टेकून उभ्या असलेल्या बाबांनी तो चार पावलांवर असतानाच विचारलं, "किती मिळाले रे?" परमुलखात अचानक कानावर मराठी पडली की आधी अर्थ पोचत नाही, आवाजच आवडून जातो. त्यात हेल आमच्या साताऱ्याकडचा. मी थांबलेच. मुलगा म्हणाला, "आज टेस्ट नव्हती बाबा, कॉन्सर्टची रिहर्सल होती." "हां, हां," असं म्हणत बाबांनी पुढे होऊन दोन्ही हातांनी चेलो त्याच्या पाठीवरून उतरवून घेतला. मागची सीट आडवी केली, स्वतःचा स्वेटर घडी करून चेलोच्या मानेखाली ठेवला, वरून पट्टा लावला, हलत नाही ना ते दोनदा बघितलं. मग दोघं गेले.

त्या "किती मिळाले"चा मला राग यायला हवा होता. आला नाही. तो प्रश्न विचारणारा माणूस आणि स्वेटरची घडी करणारा माणूस एकच होता, आणि तो कसा एकच असतो हे मला ठाऊक होतं. पण तेव्हापासून या शाळेबद्दल, आणि या शाळेभोवती घरं घेऊन राहिलेल्या आम्हा सगळ्यांबद्दल, डोक्यात काहीतरी सुरू झालं ते थांबायला तयार नाही.

क्लार्क्सव्हिल रोडवरची ही शाळा वेस्ट विंडसरमध्ये जिथे उभी आहे तिथे एके काळी शेतं होती. बटाटा, मका, गायीगुरं. शेजारच्या प्लेन्सबरोत वॉकर-गॉर्डन नावाची मोठी डेअरी होती. तिथे १९३० साली पन्नास गायींचं दूध एकाच वेळी काढणारी फिरती चकती बसवली होती आणि ती बघायला लांबून माणसं यायची. अमेरिकेच्या दुधाच्या डब्यांवर जिचं चित्र घरोघरी पोचलं, ती एल्सी गाय याच डेअरीतली. ती १९४१ मध्ये गेली, तेव्हा तिला इथेच पुरलं. वेस्ट विंडसरमधल्या ग्रोव्हर्स मिल या वस्तीची कथा तर आणखी वेगळी. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री रेडिओवर एक नाटक झालं. त्यात मंगळावरची माणसं पृथ्वीवर उतरली ती नेमकी या वस्तीत, आणि मधूनच रेडिओ लावलेल्या कित्येकांना ते खरं वाटलं. तळ्याकाठी त्याचं स्मारक आहे. पुढे शेतं विकली गेली, प्रिन्स्टन जंक्शनच्या स्टेशनावरून न्यूयॉर्कला जाणाऱ्यांची संख्या वाढली, रूट वन या महामार्गाच्या कडेला कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. दोन गावांनी मिळून १९७३ मध्ये हे हायस्कूल उघडलं. मुलं मावेनात म्हणून १९९७ मध्ये दुसरं उघडावं लागलं. ते नॉर्थ झालं, म्हणून हे साउथ. आम्ही आलो तेव्हा शेतांची आठवण फक्त रस्त्यांच्या नावांत उरली होती. परक्या ग्रहावरून लोक येऊन उतरण्याची गोष्ट ज्या गावाने सांगितली, त्याच गावात पुढे हैदराबाद, शांघाय, सोल आणि पुण्याची माणसं येऊन स्थिरावली. आणि मला आवर्जून सांगायचं आहे की गावाने आम्हाला जागा करून दिली.

शाळा आतून पहिल्यांदा नीट पाहिली ती सप्टेंबरातल्या पालकांच्या रात्री. त्या रात्री आईबापांनी मुलाचं वेळापत्रक हातात घेऊन, दिवसभरात मूल जसं फिरतं तसंच वर्गावर्गांतून फिरायचं असतं. एकेक तास दहाएक मिनिटांचा. घंटा होते, दोन हजार पावलं एकदम कॉरिडॉरमध्ये येतात, आणि कंपन्यांत मोठमोठी खाती सांभाळणारी माणसं हातात कागद धरून जीवशास्त्राचा वर्ग शोधत भांबावून फिरतात. पॉलिश केलेल्या फरशीचा वास, लॉकरच्या पत्र्यांच्या न संपणाऱ्या रांगा, भिंतीवर वसंतातल्या नाटकाचे फोटो. वर्गांतली बाकं माझ्या गुडघ्यांना लागत होती. सुतारकामाच्या वर्गात ताज्या भुश्शाचा वास होता. मातीकामाच्या खोलीत अर्धवट भाजलेली भांडी होती, आणि वाद्यवृंदाच्या खोलीत अर्धवर्तुळात खुर्च्या आणि नोटेशनची स्टँड. सरकारी शाळा, फी नाही. वाटेल त्या घरातल्या मुलाने यावं आणि चेलो उचलावा. मी ज्या शाळेत शिकले तिथे एक हार्मोनियम होती, आणि तीही कुलपात, प्रजासत्ताक दिनाला निघायची. त्या अर्धवर्तुळातल्या एका खुर्चीवर मी जरा जास्त वेळ बसून राहिले. माझ्या मुलीला हे मिळतंय याचा आनंद इतका मोठा होता की घशात आला.

फी नाही म्हटलं, पण किंमत आहे, आणि ती घरात भरलेली असते.

इथे सरकारी शाळा चालते ती मुख्यतः घरपट्टीवर. न्यू जर्सीची घरपट्टी सगळ्या देशात जड. २०२३ मध्ये राज्यातल्या घराची सरासरी वार्षिक घरपट्टी ९८०० डॉलरच्या आसपास होती, आणि राज्यभराचा हिशेब केला तर त्यातला निम्म्याहून अधिक पैसा शाळांकडे जातो. वर्षातून चारदा, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरात हप्ता भरायचा. म्हणून घर घेताना आमच्यातला कुणीही स्वयंपाकघर आधी बघत नाही. शाळा कुठली, नॉर्थ की साउथ, हे आधी. घर दाखवणारा एजंट शाळेबद्दल चकार शब्द काढत नाही, कारण गिऱ्हाइकाला विशिष्ट वस्तीकडे वळवल्याचा आरोप कायद्याने अंगाशी येऊ शकतो; आकडे तुम्हीच बघा म्हणतो. आकडे आम्ही पाठ करूनच आलेलो असतो. दुप्पट किमतीत निम्मं घर घेतो, तळघरात पाणी येतं ते चालवून घेतो, दोन्ही नोकऱ्या कर्जात जातात. मग मुलगी नववीत जाते, आणि तिच्या पहिल्या चाचणीचे गुण हे नुसते चाचणीचे गुण राहत नाहीत. त्यात तीस वर्षांचं कर्ज मिसळलेलं असतं. तिला कुणी हे सांगितलेलं नसतं. मुलांना सांगावं लागत नाही.

माझे वडील एसटीत कारकून होते. ते म्हणायचे, "आपल्याला ना जमीन, ना दुकान. मार्क हीच आपली इस्टेट." हे ते रागाने म्हणत नसत, जेवताना भात कालवता कालवता साधेपणाने म्हणत. आमच्या वर्गात तपासलेले पेपर गुणांच्या उतरत्या क्रमाने वाटले जायचे. वरच्या पाचांत नाव आलं की पुढचा तास सुखाचा. नाव लांबत गेलं की कानाच्या पाळ्या तापायच्या. दहावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात बोर्डात आलेल्यांचे फोटो: आई पेढा भरवतेय, मुलाचे डोळे कॅमेऱ्याकडे. पुढे मंडळाने गुणवत्ता यादी लावणं बंद केलं, पण आमच्या पिढीच्या आत ती लागलेलीच राहिली. वडिलांचं म्हणणं खोटं ठरलं असतं तर बरं झालं असतं. ते खरं ठरलं. त्या मार्कांवर मी इंजिनिअरिंगला गेले, त्या मार्कांवर विमानात बसले, त्या मार्कांवर या शाळेच्या हद्दीत घर घेतलं. ज्या गोष्टीने आपल्याला तारलं ती मुलांना बुडवू शकते, हे मान्य करायला फार जड जातं. मला अजूनही ते अर्धंच मान्य आहे.

२०१५ च्या ऑक्टोबरात शाळांचे अधीक्षक डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानांचं पत्र लिहिलं. त्या वेळी या दोन गावांच्या शाळांत मिळून सुमारे ९७०० मुलं होती, त्यातली ६५ टक्के आशियाई वंशाची. आदल्या शैक्षणिक वर्षात मधल्या आणि वरच्या शाळेतल्या १२० मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावं लागलं होतं आणि ४० मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. मुलांकडून भरून घेतलेल्या पाहणीत एकाने लिहिलं होतं की या शाळांत बारा वर्षं काढून मी एकच गोष्ट शिकलो: एक श्रेणी, एक टक्का, एखादा गुणसुद्धा बाकी सगळ्यापेक्षा मोलाचा मानायचा. अॅडरहोल्डनी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोचं नाव घेतलं, जिथे शाळकरी मुलांच्या आत्महत्यांनी गाव हादरलं होतं. तशी वेळ इथे येण्याआधी जागे होऊ या, असा सूर होता. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा गेल्या, काही रात्री गृहपाठाशिवायच्या ठरल्या, चौथी-पाचवीपासूनच निवडक मुलांना पुढचं गणित शिकवणारा वर्ग मागे घ्यायचं ठरलं. आणि संगीतात एक नियम आला जो मला सगळ्यांत आवडतो: वाद्य वाजवायला यायलाच हवं असं नाही, बेसूर किंचाळलं तरी मुलाला वाद्यवृंदात बसण्याचा हक्क आहे.

गाव दुभंगलं. त्या निवडक गणिताच्या वर्गात ९० टक्के मुलं आशियाई घरांतली होती. सभांना गर्दी होऊ लागली आणि बोलणाऱ्यांच्या बाजू चेहऱ्यांवरून ओळखू येऊ लागल्या. एका गोऱ्या आईने सांगितलं की तिचा चौथीतला मुलगा म्हणतो, माझ्या हातून काही होणार नाही, कारण बायोडेटात लिहायला माझ्याकडे काहीच नाही. चौथीतला! दुसऱ्या बाजूचे पालक म्हणत होते की शिक्षण पातळ होतंय, आमच्या मुलांनी मेहनत केली म्हणून त्यांच्या पायाखालची शिडी काढून घेताय. हे बोलणाऱ्यांत माझ्या ओळखीचे लोक होते, चांगले लोक, आजारपणात डबा आणून देणारे. त्यांना बाहेरच्या वर्तमानपत्रांनी मुलांचा छळ करणाऱ्यांसारखं रंगवलं तेव्हा मला वाईट वाटलं. ज्या कुटुंबाच्या मागे इथे आजोबांचं कॉलेज नाही, मामाची फर्म नाही, गोल्फच्या मैदानावरची ओळख नाही, त्याने काय धरून ठेवायचं? वडिलांची इस्टेट पुन्हा तीच. पण त्याच वेळी त्या चाळीस मुलांचा आकडा माझ्या उशाशी यायचा. ती चाळीस मुलं कुणाची तरी होती. कदाचित माझ्याच रस्त्यावरची. माझी स्वतःची बाजू विचाराल तर अॅडरहोल्ड बरोबर होते, आणि त्यांनी हात घातला तिथे घालायलाच हवा होता. फक्त शाळेच्या हाताला आमच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोचता येत नाही. वार्षिक परीक्षा गेली, तरी शनिवार सकाळचे क्लास भरलेलेच राहिले.

शाळेच्या अमेरिकन फुटबॉलची गोष्टही यातलीच. अमेरिकन उपनगरात शुक्रवारची रात्र म्हणजे दिव्यांचे खांब, बँड आणि सगळं गाव. इथे मात्र काही वर्षांपूर्वी नॉर्थच्या संघाला पुरेशी पोरंच मिळेनात आणि दोन्ही शाळांचा मिळून एक संघ करू द्या अशी विनंती करायची वेळ आली. आमची मुलं विज्ञानाच्या स्पर्धांत राज्यात चमकतात, बुद्धिबळात, वादविवादात पुढे असतात. डोक्याला मार बसेल म्हणून मीही माझ्या मुलाला त्या खेळात घातलं नसतं. तरीही शेजारच्या आजी, ज्यांची मुलं याच शाळेतून १९८०च्या दशकात बाहेर पडली, त्या शुक्रवारबद्दल बोलायच्या तेव्हा ऐकून गलबलायचं. आम्ही आलो आणि त्यांचा शुक्रवार गेला. त्यांनी आम्हाला एकदाही तसं म्हटलं नाही. घरात शाळेत जाणारं कुणी नसताना त्या घरपट्टी भरत राहिल्या, आणि वसंतातल्या नाटकाचं तिकीट दर वर्षी काढत राहिल्या.

एका बाबतीत मात्र दोन्ही बाजूंचे पालक माझ्या देखत एक झाले आहेत, आणि त्याबद्दल बोलल्याशिवाय या शाळेबद्दल खरं बोलल्यासारखं होणार नाही. प्रिन्स्टन जंक्शनहून दक्षिणेकडे गाडीत बसलं की दोन स्टेशनांवर ट्रेंटन. राज्याची राजधानी, आमचाच जिल्हा. तिथलं सेंट्रल हायस्कूल १९३२ साली बांधलेलं, खांबांची भव्य इमारत. ती इतकी खंगली की अखेर पाडावी लागली, आणि नवी उघडायला २०१९ उजाडलं. ट्रेंटनची घरं स्वस्त, म्हणून घरपट्टी कमी पडते. म्हणूनच न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये अॅबट खटल्यात राज्याला बजावलं की गरीब गावांच्या शाळांना श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीने पैसा द्या. पैसा बराच गेला. मुलं मात्र आपापल्या हद्दीतच राहिली. त्याआधी १९७५ च्या माउंट लॉरेल निकालाने सांगितलं होतं की वाढत असलेल्या प्रत्येक गावाने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीही घरांची सोय करावी. आमच्या गावात अशा घरांचा विषय निघाला की पहिला आक्षेप एकच: शाळेत गर्दी होईल. परीक्षा हव्यात म्हणणारे आणि नकोत म्हणणारे, दोघंही हेच म्हणतात. मला तिथे फार अस्वस्थ व्हायला होतं. हजारो मैलांवरून आम्ही चांगल्या शाळेच्या शोधात आलो, ते शौर्य. ट्रेंटनची आई बारा मैलांवरून आली, तर ती गर्दी?

माझी मुलगी आता कॉलेजात आहे. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी आली तेव्हा मी तिला सरळ विचारलं, शाळेने तुला त्रास दिला का? ती भांडायलाच उठली. "तुम्ही सगळे प्रेशर प्रेशर करता आणि आमची शाळाच विसरता." मग तासभर ती बोलत होती. भौतिकशास्त्राच्या सरांनी जिन्यावरून अंडी टाकायला लावली होती ते. कोरियन मैत्रिणीच्या डब्यातली किमची आणि आपली मेथीची भाजी यांची अदलाबदल, कॅफेटेरिया सोडून लॉकरसमोर जमिनीवर बसून. बँडरूममध्ये लपून केलेला अभ्यास. एका कवितेवर पूर्ण तास भांडलेला वर्ग, जिथे शिक्षिका शेवटपर्यंत उत्तर सांगायला तयार झाल्या नाहीत. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, यासाठीच तर तळघरातलं पाणी उपसलं. मग बोलता बोलता तिने सांगितलं की मैत्रिणींपैकी कुणाला कुठल्या वर्षी कुठल्या विषयात किती मिळाले ते तिला अजून तोंडपाठ आहे. आणि वाद्यवृंदातला तिचा व्हायोला तिने अकरावीत का सोडला तेही सांगितलं. ती आवड संपली म्हणून असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

तिने हिशेब केला होता. अमेरिकेतल्या पुष्कळ शाळांत कठीण समजल्या जाणाऱ्या, कॉलेजच्या पातळीच्या एपी विषयांना सरासरी काढताना जास्त वजन मिळतं. वाद्यवृंदाच्या तासात पैकीच्या पैकी मिळवले तरी सरासरी किंचित खाली ओढली जाऊ शकते, कारण तो तास साध्या वजनाचा. सोळा वर्षांच्या मुलीने कागदावर दशांशाची चार घरं काढून, आवडत्या वाद्याला त्या चौथ्या घरासाठी रजा दिली होती. तिला कुणी सोड म्हणालं नव्हतं. शाळेचं दार उघडं होतं, बेसूर वाजवायचासुद्धा हक्क होता. करड्या गाडीत सांभाळून ठेवलेल्या त्या चेलोचं काय होईल, हे मला तेव्हापासून सुचेनासं झालंय. त्या बाबांना गाठून काही सांगावं असंही नाही. ते सांगणार काय, तर मीसुद्धा तोच प्रश्न याच हेलात विचारत आले आहे, आणि तो प्रेमाने विचारला जातो हे मला माहीत आहे. पण सरासरीचं गणित प्रेमाचं नाही. ते कुणीतरी कागदावर ठरवलेलं आहे, आणि ठरवलेलं बदलता येतं.

या देशात बहुतेक ठिकाणी शाळा चालवणारं मंडळ गावातूनच निवडून येतं. आमच्याकडे सदस्यांना पगार नसतो. दिवसाची नोकरी करून ते संध्याकाळी येऊन बसतात आणि कुणाही रहिवाशाला समोर उभं राहून बोलता येतं. माझं कुणी आता शाळेत नाही, तरी घरपट्टी मी भरतेच, आणि मनापासून भरते. येत्या नोव्हेंबरात मंडळाची निवडणूक आहे. उमेदवार दारावर येतील तेव्हा त्यांना आत बसवून, चहा देऊन मी दोन गोष्टी विचारणार आहे. अकरावीतल्या मुलाला वाद्य सोडायची गरजच पडू नये म्हणून सरासरीचा नियम तपासून बघाल का? आणि राज्याची एक योजना आहे, जिच्यात स्वखुशीने जागा देणाऱ्या शाळांत दुसऱ्या गावची मुलं येऊ शकतात आणि राज्य पैसे देतं. त्या योजनेतून ट्रेंटनच्या किती मुलांना आपल्या वर्गांत बसवता येईल, याचा आकडा तुम्ही मांडाल का?